नववी सुट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर कंपनी आज कुठे नीट सुरू झाली. निम्मे लोक अजून गावीच. नवे एचआर पाटणकर साहेब पुण्याहून येऊन महिना होईल. आज टाइम ऑफिसात आले आणि थेट माझ्याच खुर्चीत बसले. सुट्ट्यांची यादी मागितली. वाचत वाचत खाली आले नि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"२० नोव्हेंबर. ही कसली?"

"पगारी सुट्टी, सर."

"ते दिसतंय हो. कशाबद्दल?"

कारणाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. कायद्याच्या चार : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. करारातल्या चार, त्यात १४ एप्रिल आमच्या लोकांनी भांडून घातलेली. आणि ही नववी. एकोणीस वर्षं मीच टाइप करते. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, वार बदलायचे, प्रिंट काढायची. रेघेबद्दल कधी कोणाला विचारलं नाही.

"आठ द्यायला लागतात, आपण नऊ का देतोय?" म्हणाले. मी मागच्या वर्षीची यादी काढून पुढे ठेवली, तिच्यातही रेघच.

५ नोव्हेंबर, बुधवार

नोटीस लागली. मीच टाइप केली, मीच बोर्डाला टाचली. "२० नोव्हेंबर हा नेहमीप्रमाणे कामाचा दिवस राहील. गैरहजर राहणाऱ्यास त्या दिवसाचा पगार व त्या महिन्याचा हजेरी भत्ता मिळणार नाही."

बोनसच्या नोटिशीला केवढा गलका होतो. आज एक शब्द नाही. जुने लोक येत होते, वाचत होते, जात होते. दोघं-तिघं माझ्याकडे बघून गेले. रागाने नव्हे. कसं ते सांगता येत नाही.

संध्याकाळी कविता आली. (माझी भावजय. भाऊ गेल्यापासून पाच वर्षं पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून.) ती खूश.

"बरं झालं ताई, एक हजेरी वाढली."

मी म्हटलं, अगं सुट्टी गेली सगळ्यांची.

"तुमची गेली. आम्हाला कुठे पगारी असते? कंपनी बंद म्हणजे आमचा दिवस फुकट. नाहीतर ठेकेदार कुठेतरी माल उतरवायला पाठवतो."

रोज हजेरी मांडते मी. कायमच्या लोकांपुढे त्या दिवशी "पगारी" आणि ठेक्याच्या लोकांपुढे रिकामा चौकोन. स्वतःच्या भावजयीच्या नावापुढे रिकामा चौकोन मांडला आणि कधी काही वाटलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दगाजी अहिरे आले. मेन्टेनन्सचे फिटर, नामपूरकडचे, बोलण्यात अहिराणी. पुढच्या वर्षी रिटायर होतील. टेबलाशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मी वीस तारखेला येणार नही, बहीण. पगार काप."

"हजेरी भत्ताही जाईल, काका."

"जाऊ दे."

"कारण काय लिहू?"

"कारण शे. पण लिहिण्यासारखं नही."

मी हसून म्हटलं, मग रेघ मारते. त्यांचा चेहरा असा झाला की मी हसायचं थांबले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वीस तारखेला न येणारे एकूण सहा. सगळे पन्नाशीच्या पुढचे. बाकीच्यांना भत्ता सोडवत नाही, मला त्यांचा राग नाही.

अशोकला (माझ्या नवऱ्याला) सांगितलं. त्याच्या ओझरच्या कारखान्यात सुट्ट्यांची यादी कशी आखीवरेखीव असते. म्हणाला, "एखाद्या जुन्या मालकाचा वाढदिवस असेल. तू कशाला डोकं लावतेस?"

असेलही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी थंडी, ऊन छान. कंपनी नेहमीसारखी. ठेक्याच्या हजेरीत ४१ नावं, मी स्वतः मोजली. दुपारी कॅन्टीनवाला येऊन म्हणतो, ठेक्याची ताटं ४२ गेली. म्हटलं, कोणीतरी दोनदा घेतलं असेल. तो म्हणाला, "मॅडम, मी ताट हातात देतो. बेचाळीस हातांत दिली."

पाचला रजिस्टर परत आलं. ४१ सह्या. त्याखाली एक ओळ, नावाचा रकाना कोरा, सहीच्या जागी अंगठा. स्वच्छ, निळा. आता आपल्याकडे कोणी अंगठा देत नाही, बायकाही सही करतात. शाईचा पॅड माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. उघडून पाहिला. कोरडा ठणठणीत.

सुटताना गेटवर कविता भेटली. दमलेली, पण चेहऱ्यावर तरतरी. आज तिच्या टेबलावर दुप्पट खोकी झाली, सुपरवायझरने सगळ्यांसमोर नाव घेतलं.

"नवी बाई दिलीय माझ्या जोडीला. हात काय चालतो तिचा ताई! मी भरायचं, तिने चिकटपट्टी लावायची. बोलते कमी. सारखं एकच विचारत होती."

"काय?"

"आज सुट्टी नाही का? आज सुट्टी असते ना?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नवी बाई कोणी घेतलेली नाही. ठेकेदाराच्या माणसाला दोनदा विचारलं.

पाटणकरांना रजिस्टर दाखवलं. त्यांनी ओळ निरखून पाहिली. म्हणाले, कोणीतरी चुकून केलंय, पान नवं लिहून काढा. मग काय वाटलं कोण जाणे, पॅकिंगचा कॅमेरा लावायला सांगितला.

टेबलाची अर्धी बाजू खांबाआड जाते. या बाजूला कविता. खोकं भरते, खांबाकडे सरकवते. थोड्या वेळाने चिकटपट्टी लागलेलं खोकं खांबाकडून बाहेर येतं. परत भरते, सरकवते. मधेच बोलते, मान हलवते, एकदा खळखळून हसली.

खांबामागून माणूस येताना नाही, जाताना नाही. पाटणकरांनी पुढे पळवलं, मागे घेतलं. मग बंद केलं. पाणी प्यायले. "कॅमेरा एक इकडेही बसवायला हवा," एवढंच म्हणाले.

पान नवं लिहिलं. जुनं फाडलं नाही. कपाटात ठेवलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी साडेआठला वॉचमनचा फोन. "मॅडम, तुमच्या वहिनी गेटवर उभ्या आहेत. सांगितलं आज सुट्टी आहे, तर ऐकत नाहीत."

रिक्षा करून गेले. रविवारची एमआयडीसी म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. लख्ख उन्हात सगळी शटरं बंद. कविता डबा घेऊन फाटकापाशी, पॅकिंगच्या बाजूला बघत.

"ती आत गेली ताई. मला म्हणाली, चल, उशीर होईल."

"कोण गेली? कुलूप आहे बघ."

तिने कुलूप पाहिलं. हात लावून पाहिलं. मग माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय.

घरी आणलं. आईने चहा दिला. तिच्या पोरी शिकवणीला गेल्यावर कविता आपणहून बोलली. त्या बाईला दोन वर्षांची मुलगी आहे, आईपाशी ठेवलीय. गाव पेठच्या पुढे. पाड्याचं नाव सांगितलं, पाड्यावर शिरतानाची विहीर सांगितली. कविता आयुष्यात कधी पेठला गेलेली नाही.

पाड्याचं नाव इथे लिहीत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दगाजींना जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या शेडमागे गाठलं. कविताने सांगितलेलं सगळं सांगितलं. ते खाली उकिडवे बसले. मग हात चोळत सांगायला लागले.

बावीस वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर. पॅकिंगच्या एका बाईला ठेकेदाराने मालाच्या लिफ्टमध्ये खोक्यांबरोबर वर पाठवलं. माणसांनी चढायची ती लिफ्टच नव्हती. दोर तुटला. पेठ बाजूची बाई, नाव यमुना. आडनाव कोणालाच माहीत नव्हतं. मस्टरवर नाव नव्हतं, ठेकेदाराच्या वहीतही नव्हतं.

"ठेकेदाराने गाडीत घातलं आणि नेलं. कुठे नेलं, आम्ही विचारलं नही."

"पोलीस?"

"कोणी बोलावलं नही."

तीन दिवस मशीन बंद ठेवलं लोकांनी. मग जुन्या मालकाने पाच जणांना आत बोलावलं. दगाजी त्या पाचांत होते. मालक म्हणाला, दरवर्षी या दिवशी कंपनी बंद ठेवतो, सगळ्यांना पगारी. कारण लिहायचं नाही.

"आणि तुम्ही?"

"आम्ही सुट्टी घेतली, बहीण."

हूटर झाला. ते उठले नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवार

कविता आठवडाभर कामावर गेली नाही. घरी मात्र हात थांबत नाही. रिकामे डबे ओळीत लावते, झाकणं दाबते, पुढे सरकवते. पुढे कोणी नसतं. आई घाबरलीय. विहारात नेऊन वंदना घेतली, तेवढा वेळ शांत बसली.

आज मला म्हणाली, "तिच्या घरी कोणीतरी जायला पाहिजे. तिला सोडत नाहीयेत."

७ डिसेंबर, रविवार

जाऊन आलो. मी आणि कविता. अशोक येतो म्हणत होता, नको म्हटलं.

सकाळची पेठची एसटी, पुढे जीप, मग चालत. भात कापून झालेलं, खाचरं उघडी. विहीर दिसली तिथे कविता थांबली, नुसतं माझ्याकडे बघितलं. जसं सांगितलं होतं तसंच.

घर शोधायला लागलं नाही. यमुनाचं घर म्हटल्यावर एका पोरीने बोट दाखवलं.

ओट्यावर म्हातारी नागली पाखडत होती. शेजारी नात, अनिता, चोवीस वर्षांची, अंगणवाडीत मदतनीस. नाशिकहून, यमुनाच्या कंपनीतून आलो म्हटल्यावर म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. तोंड उजळलं.

"कशी हाय ती? जेवते का नीट?"

मी कविताकडे पाहिलं. कविता म्हणाली, "जेवते."

"तुमी एकच दीस सुट्टी देता तिला. दिवाळीच्या मागून. सकाळची येते, दिसभर चुलीपाशी बसते, सांज झाली का जाते. रहा म्हटलं तर नाय रहात. बाकीच्या सुट्टीला ठेकेदार दुसरीकडं कामाला नेतो, म्हणते." मग माझ्या पदराला हात लावून, "औंदा नाय आली. रांधून ठेवलेलं. औंदा का नाय सोडली तिला?"

ती नोटीस मी टाइप केली होती.

काय बोलले आठवत नाही. काम जास्त होतं, असं काहीतरी. म्हातारी म्हणाली, "मंग पुढच्या साली तरी सोडा. मी काय लई दीस नाय आता."

जीपच्या रस्त्यापर्यंत अनिता पोचवायला आली. तिला सगळं सांगितलं. लिफ्ट, गाडी, पाच माणसं, सगळं. उभ्या उभ्या ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी नाही. म्हणाली, लहानपणापासून लोक सांगायचे, तुझी आई दुसरं घर करून बसली असेल.

"तू कधी पाहिलंस का तिला? त्या दिवशी?" कविताने विचारलं.

"नाही. आधी शाळेत असायचे, आता कामावर. आजी दोघींचं रांधते. मी येते तेव्हा दोन्ही ताटं उष्टी असतात." मग म्हणाली, "आजीला सांगू नका. मी सांगेन. मला जमेल तेव्हा."

माझा नंबर घेतला. कागद काही आहे का, विचारलं. म्हटलं, एक अंगठा आहे.

परतीच्या गाडीत कविता माझ्या खांद्यावर झोपली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचे हात मांडीवर स्वस्थ होते.

९ डिसेंबर, मंगळवार

पाटणकरांकडे गेले. दार लावून घेतलं. जुनं पान टेबलावर ठेवलं आणि दगाजींनी सांगितलेलं सांगितलं. पाड्यावरचं निम्मंच सांगितलं.

मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी पान हातात घेतलं.

"त्या दिवशी सुटताना पॅकिंगचं दार मी धरून ठेवलं होतं," म्हणाले. "मागे बाई येतेय म्हणून. येईपर्यंत धरलं. मग बघितलं तर कोणी नाही. मी घरी बायकोलाही सांगितलं नाही हे."

नंतर पुन्हा साहेब झाले. वीस तारीख परत घालायची तर कारण लिहावं लागेल, मालकांना विचारावं लागेल, नाव लिहिलं की चौकशी. मी म्हटलं, लिहा नाव, होऊ दे चौकशी. दगाजीकाका जबाब द्यायला तयार आहेत.

"त्यांना नोकरीचं एक वर्ष राहिलंय, मॅडम. तुम्हाला बारा."

मी म्हटलं, मोजलंय मी.

शेवटी म्हणाले, एक गोष्ट त्यांच्या हातात आहे. ठेक्याच्या लोकांना कायद्याच्या चार सुट्ट्या पगारी, आणि त्या दिवशी ठेकेदाराने त्यांना दुसरीकडे न्यायचं नाही, तसं लेखी. "हे खरं तर आधीपासूनच द्यायला हवं होतं."

होय. हवं होतं. मलाही माहीत होतं, सर.

२ जानेवारी, शुक्रवार

नवी यादी लागली. आठ सुट्ट्या. खाली नवी ओळ, माझ्या हातची : "राष्ट्रीय सुट्ट्या ठेका कामगारांनाही पगारी लागू." पहिली २६ जानेवारी. पॅकिंगच्या बायका बोर्डापुढे उभ्या राहून दोनदोनदा वाचत होत्या. एकीने मला विचारलं, खरंच ना मॅडम, मागाहून कापणार नाही ना?

वीस नोव्हेंबरचा अर्ज मालकांकडे. दगाजींनी आपल्या हाताने लिहून दिलाय, यमुनाचं नाव घालून, अनिताने कळवलेल्या आडनावासकट. खाली सह्या १९. त्या पाचांपैकी तिघे आता कंपनीत आहेत. दोघांनी केली. एक जण म्हणाला, मुलीचं लग्न आहे.

उत्तर नाही अजून. मालक परदेशी आहेत म्हणे.

कविता कामावर जाते. टेबलावर एकटीच असते.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी झेंडावंदनाला कंपनीत. जिलबी वाटली. दगाजी आले होते, इस्त्रीचा शर्ट. अर्जाचं विचारलं नाही त्यांनी, मीही काढलं नाही. साडेनऊला गेट बंद. ठेकेदाराचा टेम्पो आला नाही, मी मुद्दाम थांबून पाहिलं.

घरी आले तर आई हसत होती. कविता दहापर्यंत झोपलेली. पाच वर्षांत कधी नाही. उठून केस धुऊन गच्चीवर उन्हात बसली.

बाराच्या सुमारास अनिताचा फोन.

"ताई, आजी विचारायला सांगतेय. आज तुमच्याकडे सगळ्यांना सुट्टी आहे का?"

"हो."

"सगळ्यांना? ठेक्याच्या लोकांनापण?"

"सगळ्यांना. पगारी."

मागे म्हातारीचा आवाज आला, काहीतरी विचारत होती. अनिता म्हणाली, "आजीने सकाळपासून चूल पेटवलीय. म्हटलं, आज कोण येणार, महिना पण तो नाही. ऐकतच नाही. मला आज सुट्टी ना, म्हणून मीही घरीच..." आणि थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. ओट्यावर कोणीतरी..."

फोन कुठेतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, कट झाला नव्हता. भांडं सरकवल्याचं ऐकू आलं. मग म्हातारी, अगदी स्पष्ट : "ये. बस. पाय धुतले का?"

थोडा वेळ काही नाही. कोणी उत्तर द्यावं एवढा वेळ.

म्हातारी हसली. "ही बघ तुझी पोर. ओळखली का?"

पुन्हा तेवढाच वेळ.

मी गच्चीच्या दारात उभी होते. कविता समोर उन्हात, केस मोकळे, माझ्याकडे बघत. कोणाचा फोन म्हणून तिने हातानेच विचारलं. मी तिला हातानेच थांब म्हटलं. तिकडे अनिताचा श्वास ऐकू येत होता, फोनच्या जवळ, आणि ती एक शब्द बोलायला बघत होती, पहिल्याच अक्षरावर अडखळत होती.

मी फोन ठेवला नाही.